नगीना बाजारची बारा बाकडी

"हजला गेले होते तेव्हासुद्धा एवढी चालले नव्हते मी," म्हातारी कुजबुजली, पण कुजबुज अशी की शेजारच्या दुकानातल्या सिगडीनंही ऐकावी. चप्पल अर्धी काढून ती टाच दाबत होती. "ज्या कोणी हा रस्ता गाड्यांना बंद केला ना, अल्ला त्याच्याही गुडघ्यांना हे सुख दाखवो."

नातीनं आजीला कोपरानं ढोसलं. तिचा दुसरा हात कनीज आपांच्या हातात होता, आणि रस्ता कोणी बंद करवला हे तिला ठाऊक असावं, कारण तिचं मनगट एकदम ताठरलं. आपांनी मान वर केली नाही. मुलीच्या अंगठ्याखालचं हाड दोन बोटांत हलकेच दाबलं, ताटातून न शोधता एक जोड उचलला, आणि "हात ढिला सोड बेटा, झोपेत असल्यासारखा," म्हणत लाखेच्या चार बांगड्या अशा भरल्या की त्या चढल्या कधी हे मुलीला कळलं नाही. आपांनी आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकाला माप विचारलं नव्हतं. माप विचारणारी चुडीवाली म्हणजे त्यांच्या लेखी नाडी न बघता 'काय होतंय' विचारणारा हकीम.

म्हातारीचा शाप मात्र अंमळ उशिरा पोचला होता. त्याचं काम आधीच होऊन गेलं होतं.

तिनं बांगड्या घेतल्या, दुवा दिली आणि जाता जाता सांगून टाकलं की धाकट्या नातीचं लग्न थंडीत आहे, पण तिच्या बांगड्या काही इथून व्हायच्या नाहीत. नव्या मॉलमध्ये गाडी थेट सरकत्या जिन्यापर्यंत जाते म्हणे. मॉलमध्ये लाखेच्या नावाखाली काय खपवतात ते आपांनी तिला सांगितलं नाही. म्हातारी भिंत धरत धरत निघाली. तिनं कुठं कुठं हात टेकला ते आपांनी नीट पाहिलं. त्या जागा त्यांना पाठ होत्या.

नगीना बाजार चारमिनारपासून हाकेच्या अंतरावर. एका तोंडाला कमान, दुसऱ्या तोंडाला कोरडा हौद, आणि मधे सहाशे चाळीस पावलं. हौदापलीकडे नुसती घरं, तिथून सायकलही वाकडी करून न्यावी लागते. त्यामुळे यायचं ते कमानीतून आणि जायचं तेही कमानीतून. आपांचं दुकान हौदाच्या बाजूला, शेवटून तिसरं. पावलं त्यांनीच मोजलेली, महापालिकेच्या अर्जात लिहिण्यासाठी. तेव्हा गल्लीत ऑटो, स्कूटर, हातगाड्या आणि कुणातरी नवऱ्या मुलाच्या मामाची जीप असा रोजचा काला व्हायचा. एका रमजानात एका स्कूटरच्या आरशानं आपांच्या हातातलं ताट उडवलं. खडे बसवलेल्या बांगड्या रस्ताभर झाल्या, आणि स्कूटरवाला वर म्हणाला, "खाला, रस्त्यात ताट घेऊन कशाला उभं राहायचं." त्या दिवशी आपांनी नवऱ्याचं जुनं घड्याळ काढलं आणि कमानीशी जाऊन उभ्या राहिल्या. कमानीपासून दुकानापर्यंत यायला ऑटोला चाळीस मिनिटं लागली. त्याच वेळी निघालेल्या पायी माणसाला नऊ.

मग सहा वर्षं अर्ज. पाचवी शिकलेल्या बाईनं सांगायचं आणि सून तस्नीमनं लिहायचं. बाजार कमिटीचे अध्यक्ष गौस सेठ, कमानीजवळच्या मोठ्या कापड दुकानाचे मालक, यांचा या साऱ्याला विरोध. पण विरोधही कसा, तर चहा पाजून. त्यांच्या वडिलांच्या काळी मोठ्या घरच्या बायका पडदा लावलेल्या गाडीतून उतरत नसत, कापडाचे तागे गाडीच्या खिडकीशी जात, आणि दाराशी गाडी लागणं हीच दुकानाची शान. "गाडीच आली नाही आपा, तर शान कशावर बसून येणार," असं ते विचारत. त्यांचा थोरला मात्र तोंडाळ. एकदा तो म्हणाला की एका बाईच्या हट्टापुढं बाजारातले सगळे पुरुष गप्प, हातात बांगड्या भरल्यात की काय. हा टोमणा बाकीच्या शहरांत लागत असेल. नगीना बाजारात लोकांनी फक्त विचारलं, कुठल्या दुकानातून.

शेवटी महापालिकेच्या इंजिनीयर सुजाता मॅडम चार वेळा येऊन गेल्या आणि तीन महिन्यांची चाचणी ठरली. कमानीशी लोखंडी खांब लागले. सकाळी नऊपर्यंत मालाच्या गाड्या, त्यानंतर फक्त माणसं. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी विजेवर चालणाऱ्या दोन छोट्या गाड्या, आणि टेकायला बारा बाकडी. तीन महिन्यांनी बाजार कमिटीनं कौल द्यायचा: असंच राहू द्यायचं, की गाड्यांना पुन्हा वाट द्यायची.

पहिल्या सकाळी आपा दुकानाच्या पायरीवर नुसत्या बसून राहिल्या होत्या. सिगडीवर लाख मऊ होताना बारीक सुस्कारा टाकते, तो त्यांनी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा रस्त्यावरून ऐकला. समोरच्या दुकानात कुणी हात हलवला की बांगड्या इथं ऐकू येत. बायका रस्त्याच्या मधोमध चालत होत्या, पोरांची मनगटं न आवळता. एक बाई तर रस्त्यात थांबून मैत्रिणीशी भांडली, आणि तिला कुणी हॉर्न मारला नाही. आपा त्या दिवशी जेवायलाही उठल्या नाहीत. नंतर दुसऱ्या बाजारांतले लोक बघायला येऊ लागले. गुलबर्ग्याहून, वरंगळहून साहेब मंडळी आली. वर्तमानपत्रात फोटो आला, आपा ताट घेऊन रस्त्याच्या बरोब्बर मधे. ज्या जागी ताट उडालं होतं, त्याच जागी उभं राहायचं असं त्यांनी फोटोवाल्याला बजावलं होतं.

आणि मग पावसाळ्यात गुडघे गेले. म्हणजे अगदी गेले नाहीत, पण येईनासे झाले.

आता आपा रोज कमानीशी ऑटोतून उतरत आणि दर चाळीस पन्नास पावलांवर कुणाची तरी विचारपूस करत. अत्तरवाल्याच्या सुनेला दिवस गेले होते, तिची. मोतीवाल्याच्या दुखऱ्या दाताची. जरीवाल्याच्या पोपटाची. लोक म्हणत, आपा कशा सुलतानासारख्या बाजार बघत येतात. प्रत्येक दुकानदार त्या दिसल्या की स्टूल बाहेर आणे, वर गादी ठेवे, "दोन घोट चहा घ्या आपा, तुम्ही बसलात की बरकत येते," म्हणे. उस्मानिया बिस्किटं पुढं होत. स्टूल कशासाठी हे दुकानदाराला ठाऊक, आपांना ठाऊक, पोपटालाही ठाऊक असेल. पण बरकतीखेरीज दुसरा शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही. दुकान उघडायला कधी कधी साडेअकरा वाजत. गाडीला लागत होती ती चाळीस मिनिटं आता आपांना पायी लागत होती, आणि हा हिशेब त्या मनातल्या मनातही पुरा करत नसत.

विजेची गाडी चालवायचा यादगिरी. पूर्वी तो याच गल्लीत ऑटो घुसवायचा. रस्ता बंद झाला तेव्हा महिनाभर आपांना शिव्या दिल्या, मग ही नोकरी मिळाली. आता तो रोज त्यांच्या बाजूला येऊन गाडी मुंगीच्या चालीनं चालवी, घंटा न वाजवता. "अम्मा, रिकामीच चाललीय," एवढंच म्हणे. आपा म्हणत, जा बाबा, ज्यांना गरज आहे त्यांना घे. गाडीच्या कपाळावर पाटी होती: वृद्ध, अपंग व गरोदर स्त्रियांसाठी. चारी बाजूंनी उघडी गाडी, आणि त्यात बसलेली बाई म्हणजे काचेच्या कपाटात ठेवलेला माल. सगळा बाजार बघणार आणि पाटी वाचून ठरवणार की ही तिघींपैकी कोण. चांगल्या घरच्या म्हाताऱ्या तिच्यात बसत नसत. कॉलेजची पोरं बसत, लंगडण्याचं सोंग करून.

उरली बाकडी. ती आलीच नव्हती असं नाही. बारा बाकडी, चांगली सागवानी, पाठ असलेली, महापालिकेच्या ट्रकमधून पहिल्याच आठवड्यात आली. सुजाता मॅडम बिचाऱ्या या शहरच्या नव्हेत, कृष्णा नदीपलीकडच्या. त्यांनी सरळ विचारलं, पहिलं कुठं ठेवू. इथंच चुकलं. या शहरात असं विचारायचं नसतं.

अत्तरवाले म्हणाले, आमच्या दारात कसं, मोतीवाले वयानं मोठे, मान त्यांचा. मोतीवाले म्हणाले, छे, गौस सेठ अध्यक्ष, त्यांच्याआधी आम्ही बसवून घेतलं तर लोक काय म्हणतील. गौस सेठ छातीवर हात ठेवून म्हणाले, मी तर सर्वांचा सेवक, सेवकाच्या दारात पहिलं बाकडं शोभतं का, हौदाकडून सुरुवात करा. हौदाकडचे म्हणाले, आम्ही पडलो शेपटाचे. मजूर एक बाकडं उचलून सहाशे चाळीस पावलं गेले आणि तेच उचलून परत आले. प्रत्येकानं त्यांना पाणी पाजलं. दारात बाकडं म्हणजे दिवसभर अनोळखी माणसं पाठ करून बसणार, शोकेस झाकणार आणि समोरच्या दुकानाकडं तोंड करून बघणार, हे प्रत्येकाच्या पोटात होतं. ओठावर फक्त 'पहिले तुम्ही'. संध्याकाळी बारा बाकडी कमानीमागच्या गुदामात एकावर एक चढली. तिथं आता मांजर व्याली होती.

आपाही तेव्हा 'पहिले तुम्ही' म्हणाल्या होत्या. तेव्हा त्यांचे गुडघे चांगले होते.

कौलाचा दिवस जवळ आला तशी मॅडमनी आकडे आणले. बाजारात येणारी माणसं दुपटीनं वाढली होती. फोटो काढत होती, कुल्फी खात होती, अत्तर मनगटावर लावून घेऊन जात होती. पण लग्नाची खरेदी पडली होती, बांगड्यांची आणि कापडाची दोन्ही. मॅडमना कारण लागेना. गौस सेठना लागलं होतं: गाडी नाही. त्यांनी मधला मार्ग काढला, तोही गोड शब्दांत, की दुपारी चार ते रात्री नऊ गाड्या सोडाव्यात, बाकी दिवसभर आपांचा रस्ता आपांना.

चार ते नऊ म्हणजे सगळंच, हे आपांना कळत होतं. आणि खरेदी का पडली हेही त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. या शहरात नवरीच्या बांगड्या नवरी घेत नाही. घरातल्या सगळ्यांत वडील बाईनं पहिला जोड निवडून आपल्या हातानं नवरीच्या मनगटाला लावावा लागतो, मग चुडीवालीनं भरायचा, मग बाकी सगळं: कापड, अत्तर, मोती. ती वडील बाई आली नाही तर लग्नच बाजारात येत नाही. आणि ती येईल कशी, सहाशे चाळीस पावलांत टेकायला एक जागा नाही. हे बोलायला फक्त तोंड उघडायचं होतं. पण तोंड उघडलं की पहिला प्रश्न येणार, तुम्हाला कसं ठाऊक आपा. आणि मग गौस सेठचा थोरला म्हणणार, घ्या, रस्ता बंद करणारीलाच रस्ता चालवत नाही.

घरी तस्नीम फार हळुवारपणे आडवळणानं यायची. अम्मी, बांगड्यांचे खडे घरीच बसवले तर उजेड बरा मिळेल ना. अम्मी, पाऊस आहे, आज ताटं मीच नेते. परवा ती म्हणाली की कमिटीत मी बोलू का, कागद मीच लिहिलेत सगळे. आपांनी तिच्याकडं असं पाहिलं की पोरगी खुबानीच्या गोडाची वाटी उचलून स्वयंपाकघरात गेली. मग आपांनाच वाईट वाटलं. सून गुणाची होती. माप न विचारता बांगडी भरायला शिकली होती, आणि सासूच्या गुडघ्याचं मापही तिनं न विचारताच घेतलं होतं.

कौलाची बैठक गुरुवारी दुपारी गौस सेठच्या दुकानात भरली. पांढरी चादर, लोड, पंखे. चाळीसेक दुकानदार मांडी घालून बसले. कोपऱ्यात सुजाता मॅडम, त्यांच्या शेजारी तस्नीम. दाराशी यादगिरी उभा. गौस सेठनी आपांसाठी भिंतीशी एक खुर्ची ठेवली होती, वर रेशमी गादी. भल्या मनानंच ठेवली होती. पण सगळा बाजार खाली आणि आपण एकट्या खुर्चीवर, हे बघून आपांना त्या गाडीच्या कपाळावरची पाटी आठवली. त्या खुर्चीशेजारून गेल्या आणि चादरीवर बसल्या. बसणं जमलं. बसणं नेहमीच जमतं.

बैठकीचा रिवाज जुना: ज्याला म्हणणं मांडायचं त्यानं उभं राहायचं. उभं राहून बोललेलं मुन्शी वहीत उतरवतो. बसून बोललेलं म्हणजे गप्पा, त्या कौलात धरत नाहीत. आपा सहा वर्षं या चादरीवर उभ्या राहून बोलल्या होत्या, आणि मुन्शीजींची बोटं दुखेपर्यंत बोलल्या होत्या.

गौस सेठ उभे राहिले. आपांच्या कर्तबगारीची तारीफ केली, बाजाराला आवाज परत मिळाला म्हणाले, स्वतःच्या वडिलांच्या काळातल्या गाड्या आठवल्या, आणि चार ते नऊचा ठराव मांडला. बऱ्याच माना हलल्या. जरीवाले उभे राहून म्हणाले की त्यांचंही तेच म्हणणं आहे. मोतीवाले उभे राहिले, दोन्ही बाजूंचं बोलले आणि बसले. मॅडमनी आकडे वाचले. मग गौस सेठ आदबीनं म्हणाले, "आपा, आता आपण."

आपांनी उजवा हात चादरीवर टेकला. डावा गुडघा उचलला. तो उठला, पण उजव्यानं ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा हात टेकला. चाळीस माणसं एकदम पंख्याकडं बघू लागली. अत्तरवाल्यांनी चष्मा पुसायला घेतला. मोतीवाले शेजाऱ्याला पावसाचं काहीतरी विचारू लागले, जणू आपा अजून उठायचं ठरवतच आहेत, त्यांना सवड द्यावी. दाराशी यादगिरीनं एक पाऊल पुढं टाकलं आणि मागं घेतलं. तस्नीम अर्धी उठली होती. आपांनी तिला हातानं बसवलं.

तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्नच केला नाही. मांडी नीट केली, दुपट्टा डोक्यावर सारखा केला. सगळी खोली किती सभ्य होती, किती मायेनं दुसरीकडं बघत होती, हे त्यांच्या ध्यानात आलं. आणि या मायेखाली बारा बाकडी गुदामात पडली आहेत, बाजारातली लग्नं निघून चालली आहेत, हेही.

"मुन्शीजी," त्या म्हणाल्या, "मी बसून बोलणार आहे. तरी लिहा."

मुन्शीजींनी गौस सेठकडं पाहिलं. गौस सेठ स्वतः, अध्यक्ष असून, उभे होते ते खाली बसले. मुन्शीजींनी पेनचं टोपण काढलं.

आपा सांगत गेल्या. खरेदी पडली ती गाडी नाही म्हणून नाही. आजी नाही म्हणून. आजीला दाराशी गाडी नको आहे, गाड्या होत्या तेव्हा ती चाळीस मिनिटं धूर खात बसायची आणि उतरताना लोकांना शिव्या देत उतरायची. तिला चालायला आवडतं. फक्त पन्नास पावलं झाली की तिला टेकायचं असतं, आणि कुणाच्या उपकारानं नाही. "मला तुम्ही रोज स्टूल देता, चहा देता. मी कनीज आहे म्हणून देता. तिला कोण देणार? ती भिंत धरत जाते. कुठं कुठं धरते ते मला विचारा." यादगिरीच्या गाडीवरची पाटी काढा, बाजूंना पडदे लावा, मग बघा कोण कोण बसतं. आणि बाकड्यांचं 'पहिले तुम्ही' आता पुरे. त्यात त्या स्वतःही होत्या, हेही लिहा.

मागून कुणीतरी हळूच विचारलं. गौस सेठचा थोरलाच. पण आज टोमण्याच्या सुरात नाही, खरंच न कळून. "पण आपा, तुम्हाला हे सगळं कसं ठाऊक?"

पंख्याकडं बघणारी चाळीस माणसं आता आपांकडं बघत होती. कुणी चष्मा पुसत नव्हतं.

"कसं म्हणजे," आपा म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज सहा वर्षांत कधी नव्हता इतका ताठ होता. "लिहा मुन्शीजी, नावानिशी लिहा. कनीज फातिमा, नगीना बाजार. हा रस्ता मी बंद करवला, आणि आता तो माझ्याच्यानं चालवत नाही. तरी मला त्यात गाडी नको. मला बसायला जागा पाहिजे."